कंसातला कांदा

आमच्या घरी कांद्याचा बाजारभाव बघायला मोबाइल लागत नाही, ताट बघितलं की कळतो. भाव चढला की भाजीतला कांदा विरळ होत जातो आणि शेवटी फोडणीला त्याचा नुसता वास उरतो. भाव पडला की झुणका कांद्याचा, रस्सा कांद्याचा, तोंडी लावायला कांदा, आणि पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत पाच किलो कांदा. 2023 च्या फेब्रुवारीत तर आमच्याकडं येणारे पाहुणे पिशवी गाडीतच ठेवून यायला लागले होते. एका मावसदिराने उंबऱ्यातच हात जोडले, "वहिनी, चहा घेतो. कांदा नको."

आम्ही बालाघाटाच्या माथ्यावरचे, मांजरसुंब्याच्या अलीकडचे. खाली घाट उतरला की बीड. वर माळ, सीताफळं, विहिरीला असेल तेवढं पाणी आणि त्या पाण्यावर कांदा. आमचे हे कांदा पिकवतात आणि मी घरी बसून ध्वनिमुद्रण ऐकून लिहिते. याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात, पण गावात हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नाही. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच वर्षी शेजारणीला सोपं करून सांगितलं होतं, "सून कानात बोंडं घालून बसती, लोकाचं बोलनं चोरून ऐकती, आन् त्येचे पैशे मिळत्यात." शेजारीण म्हणाली, "मंग आपुन इतकी वर्षं फुकटच केलं की वो."

मी बीडला असताना मराठी 30 ची टायपिंग परीक्षा दिली होती, खऱ्या लोखंडी मशीनवर. कोर्टात कारकून व्हायचं होतं. कोर्ट मिळालं नाही, बोटांत जोर तेवढा राहिला. आजही मी लॅपटॉपवर लिहायला लागले की आत्या आतून विचारतात, "काय कुटायलीस?" तीन वर्षांत दोन कीबोर्ड गेले. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या वेळी उघडून बघितला आणि म्हणाला, "ताई, यात कांद्याची सालपटं कशी काय?"

त्याला काय सांगणार, माझं ऑफिस कांदाचाळीत आहे! घरात मोबाइलला रेंज एकच काडी. गच्चीवर रेंज आहे, पण वर ऊन. चाळीच्या पश्चिमेच्या टोकाला मात्र चार काड्या येतात, सावली असते, आणि चाळ फटीफटींची असल्यामुळे वारा मोफत. म्हणून उन्हाळ्यात एक खुर्ची, एक उपडा क्रेट आणि ऐंशी क्विंटल सहकारी, असा माझा संसार तिथं असतो. एकदा व्हिडिओवर बैठक चालू असताना बेंगळुरूच्या बाईंनी विचारलं, मागची भिंत फार सुंदर आहे, दगडी आहे का? मी म्हणाले, रब्बी आहे.

या धंद्याचं गणित असं. पैसे मिळतात ते ध्वनीच्या मिनिटाला, आपल्या नाही. तासभराचं नीट मुद्रण लिहायला चार तास जातात. मागं ट्रॅक्टर असेल तर पाच. कीर्तनाचा स्पीकर असेल तर तो दिवस गेला असं समजायचं. बोलणाऱ्याने ‘म्हणजे’ सतरा वेळा म्हटलं तर सतराही लिहायचे, आणि जे बोललं नाही पण घडलं ते चौकोनी कंसात टाकायचं: [हसते], [खोकतो], [शांतता]. कितीही वेळा ऐकून कळलं नाही तर [अस्पष्ट] लिहून पुढं वेळ टाकायची. हा एक शब्द मला इतका आवडतो की मी तो घरातही वापरते. बाजारातून आलेल्या ह्यांना विचारावं, "काय पट्टी आली?" म्हणजे विक्रीचा हिशेब काय झाला, की हे पायातलं काढत काढत टॉवेलात तोंड पुसतात आणि टॉवेलातूनच काहीतरी म्हणतात. मी मनात लिहिते, [अस्पष्ट].

माझी समजूत अशी, की हा धंदा नवा नाही. मराठीतला पहिला थोर चरित्रग्रंथ म्हणजे माझ्याच जातीचं काम. तेराव्या शतकात म्हाइंभट चक्रधरांच्या आठवणी गोळा करत माणसामाणसांकडं गेले, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं त्यांच्याकडून एकेक प्रसंग घेतला, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतला आणि लीळाचरित्र उभं राहिलं. पुढं ती मूळ पोथी गमावली आणि लोकांनी पाठांतरातून पुन्हा उभी केली, म्हणून एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सापडतात. बॅकअप न घेतल्याचे परिणाम! आणि आमच्या शेजारी नेवाशाला, शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वर बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. माझ्या दृष्टीने मराठीतले सर्वात भाग्यवान लेखनिक तेच. बोलणारा स्पष्ट, मागं ट्रॅक्टर नाही, आणि नऊ हजार ओव्यांत एकदाही [अस्पष्ट] लिहायची वेळ नाही. आमच्याच अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर कागदाचा नाद सोडून सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "फुटाला काय दर होता?"

दराचं दुखणं दोघांनाही आहे ना. कांदा आमचा, भाव व्यापाऱ्याचा. कान माझे, भाव कंपनीचा. आणि 2023 साली दोन्ही भाव एकदमच घाट उतरले.

आधी कांद्याचं सांगते. त्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 70 किलोमीटरवरून सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा नेला. किलोला रुपया मिळाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात पडला तो 2 रुपयांचा धनादेश, आणि तोही पुढच्या तारखेचा. देशभरच्या पेपरांत त्या धनादेशाचे फोटो आले. लोक हळहळले. आमच्या चाळीसमोर बसलेल्या मंडळींचं लक्ष मात्र ‘पुढच्या तारखेचा’ या शब्दांवर गेलं. एक म्हातारे गंभीरपणे म्हणाले, "दोन रुपये एकदम द्यायचे म्हंजी त्येलाबी जुळवाजुळव करावी लागत आसंल."

आमची पट्टीही त्याच घराण्यातली होती. हे सोलापूरला गेले तीस गोण्या घेऊन. आले ते रात्री अकराला. मी भाकरी वाढली, काही विचारलं नाही. ह्यांनी खिशातून पट्टीचा कागद काढून ताटाशेजारी ठेवला. मी वाचली. मग मी लाइट गेल्यासारखं केलं. आमच्याकडं लाइट खरोखरच इतक्या वेळा जाते, की असं कुणी केलं तरी शंका येत नाही. परळीचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, 1971 पासून तिथं वीज तयार होते. ती आमच्या डोक्यावरून कुठं जाते ते तारांनाच माहीत. 2015 च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. वीज करायला पाणी नाही, आणि पाणी उपसायला वीज नाही. बीडच्या माणसाला हे दोनदा समजावून सांगावं लागत नाही.

पुढं सरकारने अनुदान जाहीर केलं, क्विंटलला 350 रुपये, 200 क्विंटलपर्यंत. अट अशी की सातबाऱ्यावर कांदा लागलेला पाहिजे. त्यासाठी मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. ह्यांनी काढलेला फोटो मी अजून जपून ठेवला आहे. त्यात ह्यांचा अंगठा आहे, शेजारी आमचा कुत्रा आहे, आणि लांब क्षितिजावर ओळ दिसते ती शेजाऱ्याच्या उसाची.

त्याच वर्षी माझ्याकडं मशीन आलं. आलं म्हणजे कंपनीने निरोप पाठवला, की यापुढं आधी मशीन लिहील आणि तुम्ही फक्त तपासायचं. काम हलकं झालं, म्हणून दरही हलका. मिनिटाला वीस मिळायचे त्याचे सात झाले. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी थोडा विचार केला आणि पहिल्यांदाच माझ्या धंद्यातलं सगळं समजल्यासारखं म्हणाले, "म्हंजी तुझीबी गोल्टी केली."

गोल्टी म्हणजे बारका कांदा. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा. गोल्टीला चव मोठ्या कांद्याचीच असते, कधी त्याहून जास्त. दर मात्र तिच्या अंगावर बघून.

मशीनची आणि माझी पहिली भेट ऊसतोडीच्या मुलाखतींवर झाली. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं साखर कारखान्यांकडं जातात, तेव्हा अभ्यासक लोक दर वर्षी मुलाखती घेऊन जातात आणि त्यातल्या काही माझ्या कानांत येऊन पडतात. तर मशीनने लिहिलेली पहिली फाइल मी उघडली. पहिलंच वाक्य होतं: ‘आमच्या घरातून यंदा तीन कविता गेल्या.’

मला गहिवरून आलं. बीड जिल्हा, दुष्काळ, आणि घरातून तीन कविता! मग ऐकलं. बाई म्हणत होती, तीन कोयते गेले. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. तीन कोयते म्हणजे तीन जोड्या, सहा माणसं. पुढं बाई सांगत होती की आम्ही सहा महिने कोपीत राहतो, कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. मशीनने लिहिलं होतं, ‘आम्ही सहा महिने कॉपी करतो.’ मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ मशीनने ‘उशी’ करून टाकली होती, त्यामुळं ही सगळी माणसं मुकादमाकडून पन्नास-पन्नास हजारांच्या उशा घेऊन निघाली होती. आणि संध्याकाळी बायका उसाचं वाढं विकतात, जनावरांना. मशीनच्या मते त्या वडे विकत होत्या. एकूण वाचल्यावर चित्र असं उभं राहायचं, की बीडचे लोक दर वर्षी कविता घेऊन, उशा घेऊन, सहलीला जातात, तिथं कॉपी करतात आणि वडे खातात.

मी मशीनवर रागावले नाही. त्याचंही काय चुकलं? असलं एक नावाजलेलं मशीन, व्हिस्पर नावाचं, 2022 मध्ये बाहेर आलं तेव्हा त्याला 6,80,000 तासांचं बोलणं ऐकवून तयार केलं होतं. त्यात लिखाणासकट दिलेलं मराठी बोलणं तासभरही नव्हतं. तासभरही! आमच्या आत्या एका कांद्याला कोंब का आला यावर त्यापेक्षा जास्त बोलतात. मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आन की त्याला हितं आठ दिवस. जेवूखावू घालू."

माणसं तरी कुठं शहाणी आहेत म्हणा. एका मुलाखतीत मजूर म्हणाला, पहाटे तीनला उठतो आणि सुशीला खाऊन फडात जातो. मशीनने हे अगदी बरोबर लिहिलं. मी तपासलं, पाठवलं. पुण्याहून तपासनीस बाईंची टिप्पणी आली: ‘कृपया पुन्हा ऐका. गंभीर.’ मी उत्तर लिहिलं, की सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी देऊन करतात ते. मराठवाड्यात पोह्यांच्या जागी हेच असतं. मला बघायला आले तेव्हाही आईने सुशीलाच केलं होतं. बाईंनी लिहिलं, ‘अच्छा!’ आणि पुढं हसण्याचं चित्र. माझं लग्न ज्याच्यावर जमलं त्याला हसतात, असं ह्यांना सांगायचा मोह मी आवरला.

तर त्या वर्षी मिनिटाला सात रुपये आणि किलोला एक रुपया, यात आम्ही काय खाल्लं? कांदा खाल्ला. शेतकऱ्याच्या घरात चांगला कांदा एरवी शिजत नाही. गोल, लाल, चमकणारा गोणीत जातो. चुलीकडं येतो तो जोड, चिरलेला, कोंब फुटलेला, डेंगळा आलेला, एका अंगाला काजळी धरलेला. त्यातला वाईट भाग काढून बाकीचा वापरायचा ही कला मला सासरी येऊन कळली. त्या वर्षी मात्र पहिल्यांदा आमच्या कढईत निर्यातीच्या दर्जाचा कांदा पडला. 55 मिलिमीटरच्या पुढचा, मानेला बारीक, तांबूस. दुबईला जायचा तो झुणक्यात गेला.

झुणका आत्यांचाच. माझा ‘बेसन’ होतो, त्यांचा ‘झुणका’ होतो, आणि या दोन शब्दांतलं अंतर मला अकरा वर्षांत ओलांडता आलेलं नाही. त्या विळीवर कांदा उभा चिरतात, चौकोनी कधीच नाही. चौकोनी चिरलेल्या कांद्याला त्या ‘हाटेलातला’ म्हणतात. लोखंडी कढईत तेल जरा सढळ, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, मग सगळा कांदा एकदम. आणि इथून पुढं काही करायचं नाही, हे त्यांचं मुख्य शिक्षण. माझा हात उलथन्याकडं जातो, त्या मनगट धरतात. "शिजू दी. त्येला त्येचं पानी सुटू दी." कांदा आधी तडतडतो, मग कुरकुरतो, मग त्याचा आवाजच बंद होतो आणि गोड वास येतो. तेव्हा हळद, तिखट, मीठ, आणि वरून बेसन भुरभुरायचं, कोरडंच. पाण्याचा हबका फक्त बोटांनी, देवाला शिंपडल्यासारखा. झाकण. कढईच्या तळाला जी खरपूस खपली धरते ती कुणाला मिळणार हे घरातल्या राजकारणावर अवलंबून असतं. पट्टी वाईट आली त्या रात्री आत्यांनी ती ह्यांच्या ताटात टाकली. एक शब्द बोलल्या नाहीत.

आत्या माळकरी. आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा झाला की सुरू. त्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचे धपाटे, कांद्याचं सगळं काही करून चार महिन्यांची बेगमी पोटातच करून ठेवायची. ज्याने हा सण काढला तो नक्की शेतकरी असला पाहिजे. आषाढात चाळीतल्या कांद्याला दमट हवेने कोंब यायला लागतात, तेव्हाच हा सण पडतो. त्या वर्षी कांदेनवमी झाली, एकादशी झाली, द्वादशीला बघते तर आत्या विळीवर कांदा घेऊन बसलेल्या. मी नुसतं बघितलं.

"देवाशी बोलले मी," त्या म्हणाल्या. "म्हनलं, चाळीत ऐंशी क्विंटल हाय. मी सोडला तर खायाचा कुनी?"

देव काय म्हणाला ते विचारायची माझी छाती झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या 8 तारखेला निर्यातबंदी आली, ती मे महिन्यापर्यंत चालली. आत्यांनी ती बातमी ऐकून माळेला हात लावला आणि म्हणाल्या, "बघ, मी आधीच सुरू केलं ते बरं केलं."

एवढं कांद्यावर लिहून मी ‘कांद्याने रडवलं’ असं अजून लिहिलेलं नाही हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. लिहिणारही नाही. दर वर्षी भाव चढला की पेपरात ‘कांद्याने गृहिणींना रडवलं’ आणि पडला की ‘कांद्याने शेतकऱ्यांना रडवलं’. ज्या उपसंपादकाने हा मथळा पहिल्यांदा दिला त्याला दर छपाईला रुपया मिळाला असता तर आज तो कारखानदार असता. खरं तर कांदा बिचारा रडवत नाही. त्याला चिरलं की त्याच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळ्या कप्प्यांत गप्प बसलेली द्रव्यं एकमेकांना भेटतात, त्यातून गंधकाचा एक वायू तयार होतो आणि तो डोळ्यांच्या पाण्यात मिसळून चुरचुरतो. म्हणजे एकत्र कुटुंबासारखंच. जपानमधल्या एका मसाला कंपनीच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की यामागं एक वेगळंच विकर आहे, जे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. 2013 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. पुढं त्यांनी डोळ्यांत पाणी न आणणारा कांदाही बाजारात आणला. मी हे सगळं आत्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मंग सुनांनी रडायचं कशाचं निमित्त करून?"

हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटलं होतं.

आता एका फाइलचं सांगते. गाव सांगत नाही, कारण गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. एक मावशी, ऊसतोडीहून परतलेली, घरात बसून बोलतेय. विचारणारी मुलगी शहरातली, गोड आवाजाची. मुद्रण स्पष्ट. अशी फाइल म्हणजे लॉटरी. आणि दुसऱ्यांच्या घरातले आवाज ओळखण्यात तर मी तयार आहे. भाकरी थापतायत की कपडे धुतायत हे मला कानाने कळतं. पितळी पातेलं आणि स्टीलचं पातेलं यातला फरक कळतो. या मावशीच्या मागं विळीचा आवाज येत होता. चक्, चक्, चक्. बोलता बोलता मावशी भाजी चिरत होती.

एकतिसाव्या मिनिटाला मुलगी विचारते, मोठ्या मुलीची शाळा कधी सुटली? मावशी सांगते. सातवीत होती, धाकट्याला सांभाळायला फडावर न्यावी लागली, परत आल्यावर शाळेत गेलीच नाही. सांगताना आवाज तसाच, सपाट, बाजारभाव सांगावा तसा. फक्त मध्ये नाक ओढल्याचा आवाज. एकदा. मग परत. विळी चालूच.

नियम असा, की भावना दिसली तर कंसात लिहायची. [रडते] लिहायचं का? मी अकरा वेळा मागं घेऊन ऐकलं. सात रुपये मिनिटात अकरा वेळा ऐकणं म्हणजे पदरचं घालणं. आवाज भरून आलेला नाही, श्वास अडकलेला नाही, नुसतं नाक. आणि विळी. मी म्हटलं, हा कांदा आहे. घरात ऐंशी क्विंटल असलेल्या बाईला जगातल्या प्रत्येक विळीवर कांदाच ऐकू येणार. मी लिहिलं: [नाक ओढते]. दोन दिवसांनी पुण्याच्या बाईंची टिप्पणी: ‘रडत आहेत का? कृपया खात्री करा.’ मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं. एकच शब्द. कांदा. त्यांनीही तो तसाच कंसात टाकला.

फाइल पन्नास मिनिटांची. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला मुलगी म्हणते, धन्यवाद मावशी, मुलाखत संपली. त्यापुढचं लिहायचं नसतं, त्याचे पैसेही नसतात. ध्वनिमुद्रणाचं यंत्र तेवढं चालू राहिलेलं असतं. पुढच्या आठवड्यात बिल करायला मी तीच फाइल उघडली, मिनिटं मोजायला. लाइट आली होती म्हणून लॅपटॉप स्वयंपाकघरात लावलेला. ऐकायच्या बोंडांची वायर कधीची निसटली होती, त्यामुळं मुलाखत घरभर चाललेली आणि माझ्या हातात झुणक्याचा कांदा. आत्या चुलीशी. मुलाखत संपली, भांडी वाजली, कुणीतरी पाणी प्यायलं. मग त्या मुलीचा आवाज, हसून: "कांदा फार तिखट दिसतोय मावशी."

विळी थांबल्याचा आवाज येतो. तो आवाज म्हणजे आवाज नसणं, पण मला ऐकू आला.

"कांदा कुटला बाई," मावशी म्हणाली. "भेंडी हाय."

मी आत्यांकडं बघितलं. आत्या चुलीकडं बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भेंडीचा आवाज मऊ येतो. तुला सांगायला पायजे हुतं मी."

हात तसेच ओढणीला पुसून मी लॅपटॉप जवळ घेतला. एकतीस मिनिटं, सात सेकंद. पुण्याच्या बाईंना लिहिलं, की माझी ऐकण्यात चूक झाली, कंसातला कांदा काढावा आणि तिथं [रडते] करावं. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘दुरुस्ती मिळाली. या कामाचं वेगळं बिल लावू नये.’

"काय म्हनती पुन्याची?" आत्यांनी विचारलं.

"नीट ऐकू नाही आलं," मी म्हणाले, आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.